अवधानाकडून अवलोकनाकडे : श्रीमद राजचंद्र यांची हातनोंद



दिवाळीला आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांत वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभचिन्ह रेखून, गौतमस्वामींचे स्मरण करून नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू होतो. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या व्यापारउदिमात वावरलेला असल्यामुळे रोजकीर्द आणि खतावणी यांचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मांडला नाही तर वर्षअखेरीस घोटाळा होतो, हे दुकानातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र आज मनात क्रोध किती वेळा उठला, मानाने डोके कोठे वर काढले, लोभाने हात कोणत्या क्षणी पुढे गेला, याची कीर्द आपल्यापैकी किती जण ठेवतात? वास्तविक पाहता प्रतिक्रमण ही तीच कीर्द होय. पण पाठ झालेली सूत्रे जिभेवरून सरतात आणि मन मात्र बाजारातच राहते, असा अनुभव अनेकांना येतो.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या जवाहिरी बाजारात एक तरुण व्यापारी असा होता की, ज्याच्या गादीवर व्यापाराच्या वहीशेजारी आणखी एक वही असे. पहिल्या वहीत मोती आणि हिरे यांचा हिशेब असे, दुसरीत स्वतःच्या अंतःकरणाचा. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभलेला हा व्यापारी म्हणजे श्रीमद राजचंद्र. महात्मा गांधींना अध्यात्माची वाट दाखविणारे सत्पुरुष म्हणून आणि ‘आत्मसिद्धिशास्त्रा’चे कर्ते म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या त्या दुसऱ्या वहीचा परिचय मात्र फार थोड्यांना असतो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांचे चरित्र त्या वहीच्या अनुषंगाने पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

बालपण आणि पहिला विचार

सौराष्ट्रात मोरबीजवळ ववाणिया नावाचे लहानसे बंदर आहे. तेथे ९ नोव्हेंबर १८६७ रोजी, विक्रम संवत १९२४ च्या कार्तिक पौर्णिमेला, रवजीभाई मेहता आणि देवबाई यांच्या पोटी श्रीमदांचा जन्म झाला. प्रथम ठेवलेले लक्ष्मीनंदन हे नाव चौथ्या वर्षी बदलून रायचंद करण्यात आले. पुढे तेच राजचंद्र झाले. आजोबा पंचाणभाई कृष्णभक्त होते, तर आई जैन घराण्यातली. त्यामुळे भजन-कीर्तन आणि सामायिक-प्रतिक्रमण हे दोन्ही संस्कार एकाच अंगणात त्यांना मिळाले. सर्व जीवांविषयी मैत्री आणि क्षमा यांची भावना प्रतिक्रमणसूत्रांत आढळल्यामुळे बालवयातच त्यांचे मन जैन धर्माकडे विशेष ओढले गेले.

वयाच्या सातव्या वर्षी एक घटना घडली. गावातील अमीचंद नावाचे, या मुलावर माया करणारे गृहस्थ सर्पदंशाने वारले. मरण म्हणजे काय, हे घरातील मोठी माणसे सांगेनात, तेव्हा हा मुलगा गुपचूप तळ्याकाठी गेला आणि एका बाभळीवर चढून त्याने दुरून जळती चिता पाहिली. कालपर्यंत बोलणारे माणूस आज जाळले जाते, मग त्यातून गेले ते काय, या प्रश्नाने त्याला घेरले. त्या विचाराच्या तीव्रतेत पूर्वभवाचे स्मरण जागे झाले, असे श्रीमदांच्या चरित्रात श्रद्धापूर्वक सांगितले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मृत्यू पाहून भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वयातही हा मुलगा तेथून पळाला नाही. तो पाहत राहिला आणि विचार करीत राहिला. पुढील सारे आयुष्य याच वृत्तीचा विस्तार आहे.

शाळेत त्यांची बुद्धी असामान्य ठरली. सात इयत्तांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला आणि आठव्या वर्षापासून ते काव्यरचना करू लागले. तेराव्या वर्षी ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. बाविसाव्या वर्षी त्यांनी आपल्या गतायुष्याचा जो संक्षिप्त आढावा लिहिला, त्यात या दुकानाचा उल्लेख आहे. गादीवर बसून आपण कोणाला कमीअधिक भाव सांगितला नाही, की कमीअधिक तोलून दिले नाही, अशी नोंद त्यांनी तेथे केली आहे. तिच्यात आत्मप्रौढीचा सूर नाही. तराजूचे पारडे जसे आहे तसे पाहावे, तसे त्यांनी आपल्या मागील वर्षांकडे पाहिले आहे.

पुष्पमाला आणि मोक्षमाला

सोळावे वर्ष पुरे होण्यापूर्वी श्रीमदांनी ‘पुष्पमाला’ लिहिली. जपमाळेला १०८ मणी असतात, तशी या मालेत १०८ लहान लहान वचने आहेत. रात्र सरली, सकाळ झाली, आता नव्या दिवसाकडे कसे पाहावे, येथून तिचा आरंभ होतो. राजा असो वा श्रीमंत, वकील असो वा कारागीर, प्रत्येकाने आपापल्या स्थानी राहून दिवसाकडे कसे पाहावे, हे तीत थोडक्यात सांगितले आहे. दिवसाच्या आठ प्रहरांची वाटणीही तीत आहे. एक प्रहर भक्तीसाठी, एक धर्मकर्तव्यासाठी, एक आहारासाठी, एक विद्येसाठी, दोन निद्रेसाठी आणि दोन संसारव्यवहारासाठी. एवढ्या कोवळ्या वयात लिहिलेल्या या पुस्तिकेत तत्त्वज्ञानाची अवघड चर्चा नाही. आजचा दिवस जागेपणी घालवावा, हाच तिचा एकमेव आग्रह आहे.

त्यानंतर सोळा वर्षे पाच महिन्यांच्या वयात त्यांनी ‘मोक्षमाला’ हा १०८ पाठांचा ग्रंथ तीन दिवसांत लिहिला. ‘भावनाबोध’ या ग्रंथात त्यांनी अनित्य, अशरण आदी भावनांचे कथांच्या आधारे विवेचन केले. एकाच गोष्टीकडे वारंवार, शांतपणे पाहणे म्हणजे अनुप्रेक्षा. अनुप्रेक्षेचा हा अभ्यास पुढे त्यांच्या हातनोंदीचा पाया ठरला.

शतावधान आणि त्याचा त्याग

श्रीमदांची कीर्ती सर्वदूर पसरली ती मात्र वेगळ्याच कारणाने. मोरबी येथे शास्त्री शंकरलाल महेश्वर भट्ट यांचे अष्टावधान त्यांनी पाहिले आणि ती विद्या पाहताक्षणीच आत्मसात केली. आठांवरून बारा, बारांवरून बावन्न असे करीत ते शतावधानापर्यंत पोहोचले. अवधान म्हणजे एकाच वेळी अनेक विषयांकडे लक्ष देऊन त्यांतील एकही विसरू न देणे. चौपट, पत्ते व बुद्धिबळ यांचे डाव, घंटेचे मोजलेले ठोके, गणिते, दिलेल्या विषयांवर नव्या कविता, निरनिराळ्या भाषांतील क्रम मोडून सांगितलेले शब्द, हे सारे एका बैठकीत मनात धरून शेवटी अचूक सांगावयाचे असते.

२२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. पीटरसन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला. त्या वेळी त्यांचे वय केवळ १९ वर्षांचे होते. त्यांना सुवर्णपदक देण्यात आले आणि साक्षात सरस्वती या उपाधीने गौरविण्यात आले. मुंबईचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन ही शक्ती दाखविण्याची सूचना केली. धन आणि कीर्ती हात जोडून उभी असताना श्रीमदांनी नकार दिला. परदेशात आपल्या धर्माचाराप्रमाणे राहता येणार नाही, हे एक कारण होते. त्याहूनही खोल कारण असे की, ही शक्ती लोकांना चकित करते, पण आत्म्याला एक पाऊलही पुढे नेत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोग बंद केले. ज्योतिषातील प्रावीण्यही त्यांनी याच कारणाने बाजूला ठेवले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. ज्या पुरुषाला शंभर गोष्टी कागदाविना स्मरणात ठेवता येत होत्या, त्याला वहीत टिपण करण्याची गरज का भासावी? सामान्य मनुष्य विसरू नये म्हणून लिहितो. श्रीमदांना विसरण्याचे भय नव्हते. तरीही ते लिहीत राहिले. याचा अर्थ त्यांचे लेखन स्मरणासाठी नव्हते, पाहण्यासाठी होते. अवधानात लक्ष बाहेरच्या शंभर वस्तूंकडे धावते, अवलोकनात ते वळून पाहणाऱ्याकडे येते. लक्ष देण्याची शक्ती तीच राहिली, तिची दिशा तेवढी पालटली. श्रीमदांच्या जीवनातील खरे परिवर्तन या वळणावर झाले आहे.

पेढीवरील दुसरी वही

१८८८ मध्ये श्रीमदांचा विवाह झबकबाई यांच्याशी झाला. त्या डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या थोरल्या बंधूंच्या कन्या होत. पुढे दोन पुत्र व दोन कन्या असा त्यांचा संसार झाला. याच सुमारास मुंबईत रेवाशंकर जगजीवनदास यांच्या भागीदारीत त्यांनी जवाहिराच्या व्यापारात प्रवेश केला. मोती व हिरे यांची त्यांची पारख अचूक होती. लाखो रुपयांची उलाढाल असलेल्या या पेढीतील अवघड प्रश्न त्यांच्याकडे येत आणि ते शांतपणे सोडवीत.

जुलै १८९१ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी श्रीमदांना प्रथम भेटले. गांधीजी श्रीमदांहून दोन वर्षांनी लहान. या भेटीचे आणि पुढील सहवासाचे वर्णन गांधीजींनी आपल्या आत्मकथेत केले आहे. श्रीमदांच्या स्मरणशक्तीने त्यांना प्रथम विस्मय वाटला. परंतु मनावर कायमचा ठसा उमटला तो त्यांच्या शास्त्रज्ञानाचा, निर्मळ चारित्र्याचा आणि आत्मदर्शनाच्या तळमळीचा. गांधीजींनी पाहिले की, या व्यापाऱ्याच्या गादीवर कोणता ना कोणता धर्मग्रंथ आणि एक टिपणवही नेहमी असे. सौद्याचे बोलणे संपले की तत्काळ ग्रंथ उघडला जाई किंवा ती वही. श्रीमदांच्या प्रकाशित लेखनाचा मोठा भाग या वहीतूनच आलेला आहे, असेही गांधीजींनी नमूद केले आहे. मोठ्या सौद्यानंतर लगेच आत्मज्ञानाच्या गूढ गोष्टी लिहू लागणारा मनुष्य वरवर व्यापारी दिसत असला तरी तो खरा ज्ञानी आहे, असा निष्कर्ष गांधीजींनी काढला.

हे चित्र आपण नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. बाजार सोडून वनात जावे आणि मग आत्मचिंतन करावे, अशी सवड श्रीमदांना नव्हती. ग्राहक उठून गेला आणि दुसरा अद्याप आला नाही, एवढ्या अवकाशात त्यांची वही उघडत असे. त्या क्षणी मनात जे असेल ते चार ओळींत उतरे, आणि पुन्हा मोती हाती घेतले जात.

हातनोंदीचे स्वरूप

विक्रम संवत १९४६, म्हणजे इ.स. १८८९-९० या वर्षातील त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी अहमदाबादचे जूठाभाई, ज्यांनी श्रीमदांची थोरवी फार लवकर ओळखली होती, ऐन तारुण्यात निवर्तले. त्या वर्षीच्या लेखनात वियोगाची छाया आहे आणि त्या वियोगाकडे पाहणारा विवेकही आहे.

त्यानंतरच्या वर्षांतील तीन टिपणवह्या ‘हाथनोंध’ या गुजराती नावाने ओळखल्या जातात. मराठीत आपण तिला हातनोंद म्हणू. त्यांच्या समग्र लेखनसंग्रहात हा भाग ‘आभ्यंतर परिणाम अवलोकन’ या शीर्षकाखाली आला आहे. परिणाम म्हणजे आत्म्याचे क्षणोक्षणी बदलणारे भाव, आणि अवलोकन म्हणजे त्यांच्याकडे पाहणे. आतील भावांकडे पाहणे, एवढेच हे शीर्षक सांगते आणि त्यात या वह्यांचे सारे प्रयोजन सामावले आहे.

या नोंदी वाचताना प्रथम वाचकाचा गोंधळ होतो. बहुतेकांवर तिथी नाही. काही नोंदी दोन-चार ओळींच्या, तर काही केवळ शब्दांच्या याद्या आहेत. काही वाक्ये अर्ध्यावर सुटलेली आहेत. कोठे शास्त्रातील एखाद्या सिद्धांताविषयी प्रश्नामागून प्रश्न मांडले आहेत आणि उत्तर लिहिलेले नाही. कोठे एकच निश्चय निराळ्या शब्दांत पुन्हा येतो. ग्रंथ लिहिणारा मनुष्य असे लिहीत नाही. वाचणारा कोणी असेल, ही कल्पनाच लिहिताना मनात नव्हती. म्हणूनच येथे शब्दांची आरास नाही आणि स्वतःला चांगले दाखविण्याची धडपडही नाही.

आज सजगतेच्या साधनेविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि रोज थोडे लिहावे असेही सांगितले जाते. आपल्या परंपरेत याला उपयोग आणि अप्रमाद ही नावे आधीपासून आहेत. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना एक समयही प्रमाद न करण्याचा उपदेश केला. श्रीमदांनी त्या उपदेशाला लेखणीची जोड दिली.

त्यांनी काय पाहिले

या वह्यांतून श्रीमदांचा जो संघर्ष दिसतो, तो अंतःकरण हेलावणारा आहे. पहिल्या हातनोंदीत त्यांनी आपल्या आत्मिक वाटचालीचा आढावा एका लहान पद्यात घेतला आहे. व्यापारी जसा वर्षवार ताळेबंद मांडतो, तसे तेथे संवत घातलेले आहेत. १९३१ मध्ये झालेला अपूर्व अनुभव, १९४२ मधील अद्भुत वैराग्य आणि १९४७ मध्ये प्रकटलेले शुद्ध सम्यक्त्व, या जमेच्या बाजू आहेत. त्यापुढे खर्चाची बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली आहे. सम्यक्त्वाच्या प्रकाशानंतर परिग्रहाच्या आणि व्यापाराच्या प्रपंचाचा उदय झाला, आणि तो दूर सारावा तितका वाढतच गेला, अशी कबुली त्यांनी तेथे दिली आहे. मोठी प्राप्ती झाल्यावर मनुष्य त्या प्राप्तीच्या आठवणीतच रमतो. श्रीमदांनी तसे केले नाही.

दुसऱ्या एका नोंदीत त्यांनी आपली कोंडी थोडक्यात मांडली आहे. वेष वैश्याचा आणि भाव निर्ग्रंथाचा, अशा स्थितीत राहताना मनात अगणित विचार चालतात, असे ते लिहितात. लोकांना गादीवर बसलेला जवाहीर दिसतो, आत मात्र सर्वसंग सोडण्याची आस आहे. या दोहोंतील अंतर त्यांनी स्वतःपासून लपविले नाही. आणखी एके ठिकाणी त्यांनी काम, मान, मोह, शिथिलता अशा विकारांना नावाने हाक मारून त्यांच्याशीच बोलणे केले आहे, जणू ते समोर बसलेले देणेकरी आहेत. ज्या विकाराला नाव देता येते, त्याच्यापासून पाहणारा वेगळा असतो. आत्मा ज्ञाता-द्रष्टा आहे हा सिद्धांत आपण प्रवचनात ऐकतो. श्रीमदांच्या वहीत त्याचा रोजचा सराव पाहावयास मिळतो.

अशा नोंदींचा परिणाम आचरणावर होतो की नाही, ही खरी कसोटी आहे. त्यांच्या व्यापारी जीवनातील एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने ठरावीक भावाने हिरे देण्याचा करार केला होता. पुढे बाजारभाव इतका चढला की, करार पाळल्यास त्याच्यावर दिवाळे काढण्याची पाळी आली असती. श्रीमद स्वतः त्याच्याकडे गेले. त्याने मुदत मागण्यापूर्वीच त्यांनी तो करारपत्राचा कागद मागून घेतला आणि फाडून टाकला. कायद्याने त्यांचा हक्क निर्विवाद होता. परंतु दुसऱ्याच्या सर्वनाशातून येणारा नफा आपल्या वहीत जमेला धरता येणार नाही, हे त्यांना क्षणात दिसले. मनातील लोभाचे पाऊल ओळखण्याचा सराव असल्याखेरीज असा निर्णय इतक्या सहजतेने होत नाही.

एकांत, पत्रे आणि आत्मसिद्धी

व्यापाराच्या धकाधकीतून वर्षातील काही काळ काढून श्रीमद गुजरातमधील खंभात, राळज, वडवा, वसो, ईडर आदी ठिकाणी एकांतात राहत. तेथेही कीर्ती आपल्या मागे येऊ नये, याची ते दक्षता घेत. सायला येथील सौभागभाई, खंभातचे अंबालालभाई आणि लल्लूजी महाराज हे त्यांच्या निकटच्या मुमुक्षूंपैकी होते. त्यांना लिहिलेली शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत. या पत्रांचेही मूळ हातनोंदीतच आहे. जे प्रथम स्वतःत पाहिले, तेच त्यांनी दुसऱ्याला लिहिले. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींच्या मनात धर्माविषयी मोठी खळबळ माजली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी श्रीमदांना सत्तावीस प्रश्न पाठविले. श्रीमदांनी त्या प्रत्येकाचे क्रमवार उत्तर दिले. त्या उत्तरांनी गांधीजींचे चित्त स्थिर झाले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये नडियाद येथे एका सायंकाळी श्रीमद लिहावयास बसले. अंबालालभाई हातात कंदील धरून शेजारी उभे होते. दीड-दोन तासांत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ पूर्ण झाले. आत्मा आहे, तो नित्य आहे, कर्माचा कर्ता आहे, भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, या सहा पदांचे हे सुलभ विवेचन मुखोद्गत करता यावे म्हणून सौभागभाईंनी पद्यरचनेची विनंती केली होती. एका बैठकीत अशी रचना कशी झाली, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु वर्षानुवर्षे सौद्यासौद्याच्या मधल्या क्षणांत ज्यांनी याच सहा पदांचे मनन केले, प्रश्न लिहिले, शंका लिहिल्या, त्यांच्या लेखणीतून ती रचना एका सायंकाळी ओघाने यावी, यात अस्वाभाविक काही नाही. थेंबाथेंबाने भरलेला घट एकदम ओतता येतो.

अखेरचे पर्व

१८९७ मध्ये सौभागभाईंचे निधन झाले. श्रीमदांची वृत्ती अधिकाधिक निवृत्तीकडे वळली. ईडरच्या डोंगरात त्यांनी लल्लूजी महाराज आदी मुनींसमवेत ‘द्रव्यसंग्रहा’चा स्वाध्याय केला. १९०० मध्ये प्राचीन जैन ग्रंथांच्या प्रकाशनासाठी त्यांनी परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली. विक्रम संवत १९५६ मध्ये त्यांनी व्यापार आणि स्त्रीसंग यांचा त्याग केला. सर्वसंगपरित्याग करून मुनिदीक्षा घेण्याची त्यांची भावना होती. परंतु शरीराने साथ दिली नाही. प्रकृती खालावत गेली आणि ९ एप्रिल १९०१ रोजी, चैत्र वद्य पंचमीला, राजकोट येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला. निर्वाणापूर्वी काही दिवस त्यांनी रचलेल्या शेवटच्या पदातही रोगाचा विषाद नाही.

ज्या दीक्षेची ओढ त्यांच्या वहीत पुनःपुन्हा दिसते, ती त्यांना या देही घेता आली नाही. हे अपुरेपण त्यांच्या भक्तांना आजही चटका लावते. पण गृहस्थाश्रमातील श्रावकाला त्यांच्या जीवनातून जो धीर मिळतो, तोही याच अपुरेपणातून. मुनिवेष मिळेपर्यंत आत्मावलोकन थांबवून ठेवण्याचे कारण नाही, हे त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून दाखवून दिले.

त्यांच्या देहान्तानंतर त्यांचे लेखन एकत्रित करून ‘श्रीमद राजचंद्र’ या नावाने प्रकाशित करण्यात आले, तेव्हा या खाजगी वह्याही जगासमोर आल्या. त्यांनी स्थापिलेल्या मंडळाचे काम आपल्या प्रांताशीही जोडलेले आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणारे थोर विद्वान डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी संपादिलेले आचार्य कुंदकुंदांचे ‘प्रवचनसार’ १९३५ मध्ये याच मंडळाच्या रायचंद्र जैन शास्त्रमालेत प्रसिद्ध झाले. दिगंबर व श्वेतांबर असा भेद न करता सत्श्रुताचा आदर करणाऱ्या श्रीमदांच्या दृष्टीला हे साजेसेच झाले. २०१७ मध्ये त्यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट व नाणे काढून त्यांचा गौरव केला.

आपल्यासाठी

श्रीमदांसारखी प्रज्ञा सर्वांना लाभत नाही, आणि त्यांची अनुभूती आपण उसनी घेऊ शकत नाही. त्यांची वही मात्र कोणालाही उघडता येते. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, काव्यशक्ती लागत नाही, वेगळी सवडही लागत नाही. सामायिकास ४८ मिनिटे लागतात. चार ओळींना पाच मिनिटे पुरतात. दुकान बंद करताना, स्वयंपाकघर आवरल्यावर किंवा सायंकाळच्या प्रतिक्रमणापूर्वी आज मनात जे घडले ते जसेच्या तसे लिहावे. भावाशी वाटणीवरून बोलणे झाले तेव्हा आवाज का चढला? मंदिरात बोली घेताना भक्ती किती होती आणि नाव किती? शेजाऱ्याची भरभराट ऐकून पोटात काय कालवले? एवढे प्रामाणिकपणे टिपले तरी पुरे.

दोन दक्षता मात्र घ्याव्यात. ही वही दाखविण्यासाठी नाही. दुसरा वाचणार असे मनात आले की लेखणी आपोआप स्वतःची वकिली करू लागते. तसेच ही वही स्वतःला झोडपण्यासाठीही नाही. दोष पाहून खचून जाणे हा आर्तध्यानाचाच प्रकार आहे. रोजकीर्द लिहिणारा मुनीम तूट दिसली म्हणून रडत बसत नाही; तो ती तूट लिहितो आणि दुसऱ्या दिवशी सावध राहतो. रोजच्या या नोंदीने प्रतिक्रमणाची जागा घेतली जात नाही, उलट तिच्यामुळे प्रतिक्रमणातील शब्दांना अर्थ येतो. मिच्छामि दुक्कडं म्हणताना कोणत्या दुष्कृताची क्षमा आपण मागत आहोत, हे ज्याने दुपारी लिहून ठेवले, त्याच्या मुखातील ते शब्द पोकळ राहत नाहीत.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांचा जमाखर्च चोख ठेवला, म्हणून आज हा सुवर्णमहोत्सव आपण निःशंक मनाने साजरा करीत आहोत. संस्थेची वही जितक्या काळजीने लिहिली गेली, तितक्याच काळजीने आपल्यापैकी प्रत्येकाने अंतरंगाचीही वही लिहावी. येत्या दिवाळीत व्यापाराच्या वहीसोबत एक लहानशी कोरी वही आणावी आणि तिचेही पूजन करावे. शंभर अवधानांची विद्या सोडून एका आत्म्याच्या अवलोकनात रमलेल्या त्या थोर गृहस्थ साधकास हीच खरी आदरांजली ठरेल.

श्रीमद राजचंद्र यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!